चंद्रतालच्या तीन किलोमीटर अलीकडे

तळं बघायचं होतं ते मंगलला. मला नव्हे, पुष्पालाही नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तळ्याचं वर्णन करीन तेव्हा तुम्ही वाहवत जाल आणि ही गोष्ट विसराल.

मंगल राहते बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत, तळमजल्यावर. नदी जवळच. मोठा पाऊस लागला की उल्हास नदी फुगते आणि हिच्या घरात येते. म्हणून तिचा फ्रिज कायम विटांवर, गॅसची टाकी ओट्यावर, रेशनकार्ड आणि नवऱ्याचा फोटो माळ्यावर. एकदा तिच्या नातीने मोबाइलवर हिमाचलातलं चंद्रताल दाखवलं. डोंगरात चौदा हजार फुटांवर निळं पाणी, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. मंगलने त्याचा ध्यासच घेतला. मला म्हणाली, "शालू, पाणी म्हटलं की मला चिखलच आठवतो गं. एकदा तरी असं पाणी बघायचंय, जे आपल्या जागेवर बसलंय."

मी शालिनी, अंबरनाथ पश्चिमेची. शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचायला मी पुड्यांच्या कागदांवर शिकले, तेव्हा शुद्धलेखनाचं काही सापडलं तर हसून घ्या. तिसरी पुष्पा, उल्हासनगरची सिंधी. जीभ तिची सगळ्यात धडधाकट, गुडघे सगळ्यात नाजूक. तिघींची ओळख उल्हासनगरच्या जीन्सच्या गाळ्यातली. शिवून आलेल्या पँटींचे धागे कापायचं काम. मी आणि मंगल बावीस वर्षं एकाच चटईवर बसलो.

त्या गाळ्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. तिथे बायकांना संडास नव्हता. गल्लीच्या टोकाला एक होता, पुरुषांचा, कडी तुटलेला. म्हणून आम्ही पाणी पीत नव्हतो. सकाळी घरी कपभर चहा, मग थेट संध्याकाळी घरी जाऊन तांब्या तोंडाला. नवी बाई कामाला लागली आणि बाटली घेऊन बसली, की तिला सांगायचं, "ठेव ती पिशवीत. पिशील खरी, जाशील कुठं?" हे सांगायचं काम माझं. सगळ्यांत मोठी मी ना. काम सुटलं तरी सवय सुटली नाही. लग्नाला जा, दहाव्याला जा, गावी जा, घराचा उंबरा ओलांडला की पाणी बंद. बाहेर पडणाऱ्या बाईने असंच वागायचं असतं, अशी आमची पक्की समजूत.

मनाली आणि सिस्सू

चंदीगडपर्यंतची गाडी आणि पुढची रात्रभरची बस मी सोडून देते. त्यात कंबर सोडली तर सांगण्यासारखं काही नाही.

मनालीत मला काही आवडलं नाही, खरं सांगते. जून महिना, अर्धा देश तिथे आलेला. आमच्या शहाडच्या पुलावर जेवढे हॉर्न वाजतात तेवढेच तिथे देवदाराखाली वाजतात. एक सिड्डू म्हणून पदार्थ मिळाला, कणकेचा फुगलेला गोळा, आत अक्रोडाचं सारण, उकडलेला, वर तुपाची धार. मंगल म्हणाली, "मोदकाला मावसभाऊ मिळाला." पुष्पाने स्वतःची कोकी बाहेर काढली. कोकी म्हणजे सिंध्यांची कांदा घातलेली जाड भाकरी, चार दिवस टिकते. "तुम लोग खाओ उबला हुआ. मी माझं खाते, मला पोट सांभाळायचंय."

आमचा गाडीवाला नोर्बू. लाहौलचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. मी घरून सुकटीची चटणी नेलेली, आम्ही आगरी माणसं, त्याशिवाय घास उतरत नाही. सिस्सूला जाताना बोगद्याच्या आतच डबा सांडला. नऊ किलोमीटरचा बोगदा, काचा बंद आणि सुकटीचा घमघमाट. नोर्बूने नाकाला रुमाल लावला, पण तोंडाने अवाक्षर काढलं नाही. बोगदा संपल्यावर गाडी बाजूला घेतली, चारही दारं उघडली आणि हात जोडून म्हणाला, "माँजी, ये क्या मर गया है?" मंगल इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. प्रवासातलं तिचं तेवढं हसणं मला आठवतं.

सिस्सूला एक रात्र काढली. नोर्बूच म्हणाला होता, एकदम वर जायचं नाही, शरीराला ओळख करून द्यावी लागते. वाटाण्याची शेतं, उभे पॉपलर, समोर कड्यावरून पडणारा धबधबा. घरमालकीण शेतातून आली ती पाठीला टोपली बांधून. आपल्याकडे बाया भारा डोक्यावर घेतात, इथे पाठीवर. तिने मला विचारलं, "किती जणी आहात घरी?" मी म्हटलं, "एकटीच." ती म्हणाली, "मग इथेच राहा, वाटाणे सोलायला माणूस मिळत नाही."

सकाळी निघताना नोर्बूने तिघींना एकेक बाटली दिली. "पानी पीते रहना माँजी. प्यास नहीं लगे तो भी. थोड़ा थोड़ा, पूरा दिन. ऊपर दवाई से ज़्यादा पानी काम करता है."

मी बाटली पायाशी ठेवली. पुष्पाने पिशवीत. मंगलने मात्र ऐकलं. तिला तळ्यापर्यंत पोहोचायचं होतं ना. शाळेतल्या पोरीसारखी दर दहा मिनिटांनी दोन घोट घेत बसली.

ग्राम्फूच्या पुढे

ग्राम्फूपासून रस्ता संपतो. म्हणजे गाडी जाते, पण रस्ता नसतो. नदीतले धोंडे पसरलेले आणि त्यावरून आमची आदळआपट. झाड नाही, झुडूप नाही. नुसते राखाडी डोंगर, आणि त्यांच्या अंगावरून रस्त्यावर उतरणारं बर्फाचं पाणी. मला तिथे उदासच वाटलं. एवढं मोठं सगळं आणि त्यात आपुलकीचं एक पान नाही.

पाणी प्यायलं की ते बाहेर यायचंच. मंगलने पहिल्यांदा गाडी थांबवली तेव्हा मोठा खडक होता, आडोसा मिळाला. दुसऱ्यांदा एका पडक्या भिंतीचा आधार मिळाला. तिसऱ्यांदा काहीच नव्हतं, चहूकडे सपाट. पुष्पाने आपली ओढणी ताणून धरली, दुसरं टोक मी धरलं. आणि नेमक्या तेव्हाच दहा-बारा मोटारसायकली आल्या. तरणी मुलं, कॅमेरे डोक्याला बांधलेले. एकाने हॉर्न वाजवला, दुसऱ्याने हात हलवला. मंगल खाली बसलेली, तोंड गुडघ्यांत. ओढणी वाऱ्याने फडफडत होती, आणि मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडीत बसल्यावर मी बोलले. हसत बोलले, पण बोलले. "मंगे, आता तोटी बंद कर गं बाई. दर वळणावर काय तमाशा दाखवायचाय का लोकांना? बावीस वर्षं गाळ्यात बसलीस ना दाबून? मग एक दिवस बस की."

पुष्पा हसली. नोर्बू समोर बघत राहिला, त्याला मराठी कळत नव्हतं.

मंगलने बाटलीचं झाकण लावलं. दोनदा पिळून लावलं. बाटली सीटखाली सरकवली आणि म्हणाली, "बरोबर आहे तुझं."

त्यानंतर तिने पाणी घेतलं नाही. बातलला पुलाजवळ ढाबा लागतो, तिथे राजमा-भात खाल्ला. इतक्या उंचावर भात शिजत नाही धड, कुकरातून काढला तरी मधे टोचतो. तिने निम्मा टाकला. ढाब्यावरच्या बाईने चहा पुढे केला, तर मंगल म्हणाली, "नको, परत उतरावं लागेल." ते मी ऐकलं. आणि लपवत नाही, मला बरंच वाटलं. म्हटलं, शहाणी झाली.

तळं

मुक्कामाचे तंबू तळ्याच्या तीन किलोमीटर अलीकडे आहेत. तळ्याजवळ राहू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा तीन वाजले होते. मंगलचं डोकं दुखत होतं. चेहरा सुकलेला, ओठांवर पापुद्रे. पुष्पाचे गुडघे दिवसभराच्या आदळण्याने गेलेले, ती तंबूबाहेर खुर्चीत बसली ती बसलीच.

"तू जाऊन ये," मंगल पडल्या पडल्या म्हणाली. "मी सकाळी येते. ताजीतवानी होऊन बघते."

"सकाळी तिघी जाऊ की."

"अगं जा. ऊन चांगलं आहे. बघून ठेव, मला कुठून बघायचं ते सांग."

तिच्या उशाशी खण-नारळ होता. तळ्याची ओटी भरायची म्हणून घरून आणलेला. मी तिच्या अंगावर दुसरी गोधडी घातली, पुष्पाला म्हटलं "लक्ष ठेव", आणि नोर्बूबरोबर निघाले. गाडी थोड्या अंतरापर्यंत जाते, मग एक किलोमीटर चालायचं. मी दर वीस पावलांनी थांबत होते. वाटेत नोर्बूला ओटीचं सांगितलं. तो म्हणाला, पाण्यात काही टाकायचं नाही, हे देवतेचं घर आहे, लांबून हात जोडायचे. आपल्याकडे पाण्याला काही दिल्याशिवाय माणूस परतत नाही, नारळ तरी सोडतो, निर्माल्य तरी. इथे रिकाम्या हाताने यायचं आणि रिकाम्या हाताने जायचं.

शेवटचा चढ चढले आणि समोर ते होतं.

आता नीट सांगते. काठाला पाणी पाण्यासारखंच, तळाचे गोटे मोजून घ्यावेत इतकं साफ. चार हात पुढे हिरवं, कच्च्या कैरीच्या सालीसारखं. त्यापुढे निळं. आणि मधोमध असा रंग की त्याला मी नाव देऊ शकत नाही, पैठणीत एखादा धागा असतो ना, एका बाजूने निळा आणि वळवला की काळा, तसा. आकार चंद्रकोरीचा. पलीकडचा बर्फाचा डोंगर पाण्यात उलटा उभा, आणि तो हलत नव्हता. वारा असूनही हलत नव्हता. ढग? आकाशात एक चिंधीसुद्धा नव्हती. पक्ष्यांची एक जोडी पाण्यावर तरंगत होती, विटकरी रंगाची, आणि ती आवाज करत नव्हती. कुणीच आवाज करत नव्हतं. मी साठी उलटलेली बाई, जन्मभर मशिनींच्या आवाजात काम केलेली, मला माझ्या कानांत रक्त वाहतंय ते ऐकू आलं. आनंद झाला असं म्हणणार नाही. उलट वाटलं, एवढं चांगलं काही इतकी वर्षं जगात होतं आणि आपण धागे कापत बसलो होतो.

मी काठाला जाऊन बसले. नोर्बूने हात जोडले आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मग म्हणाला, "चलिए माँजी, दूसरी माँजी की शकल मुझे ठीक नहीं लगी थी."

उतार

तंबूत शिरले तर मंगलने ओकून ठेवलं होतं. पुष्पाला वाटलेलं झोपली आहे, म्हणून तिने उठवलं नव्हतं. मी हाक मारली, तर मंगलने माझ्याकडे बघितलं आणि मला ओळखलं नाही. "टाकी वर घे," ती म्हणाली. "अहो टाकी वर घ्या आधी, पाणी उंबऱ्याला लागलंय." माळ्यावरचा फोटो, रेशनकार्ड, सगळं सांगायला लागली. तिच्या लेखी ती मांजर्लीत होती आणि नदी आत येत होती.

तंबूवाल्याने बोटाला यंत्र लावलं, प्राणवायूची नळी नाकाशी धरली. नोर्बूने यंत्र बघितलं आणि म्हणाला, "सुबह तक नहीं रुकना है. अभी उतारो." चौघांनी तिला खुर्चीत बसवून गाडीपर्यंत नेलं आणि मागच्या सीटवर झोपवलं. पुष्पा "साईं, साईं" करत देवाचा धावा करत होती. मी मंगलचं डोकं मांडीवर घेतलं. अंग थंड, जीभ लाकडासारखी कोरडी. चमच्याने पाणी घालत होते, ते ओठाच्या कोपऱ्यातून खाली येत होतं. सीटखाली तिची बाटली लवंडत होती, अर्धी भरलेली. प्रत्येक खड्ड्याला ती माझ्या टाचेवर आपटायची. मी पाय हलवला नाही.

बातल मागे पडलं, गाडी नदीच्या कडेने खाली खाली येऊ लागली, तशी मंगल जरा माणसात आली. छत्रूच्या आसपास तिने डोळे उघडले. मला ओळखलं.

"तळं बघितलंस?" तिने विचारलं.

मी नाही म्हणू शकत नव्हते, मला जाताना तिनेच बघितलं होतं. हो म्हणायला तोंड उघडेना.

"ढग उतरले होते गं," मी म्हटलं. "काही दिसलं नाही."

"काहीच नाही?"

"पांढरं नुसतं."

"मग बरं झालं," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

मनालीच्या दवाखान्यात तिला तीन दिवस ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसभरात किती पाणी प्यायल्या ह्या?" पुष्पा खिडकीबाहेर बघायला लागली. मी सांगितलं, सकाळी प्यायली, नंतर नाही. त्या म्हणाल्या, उंचीचा त्रास कुणालाही होतो, पण पाणी नसलं की तो दुप्पट होतो, आणि ह्यांच्या किडनीला धक्का बसलाय. "का नाही प्यायल्या?" ह्यावर मी मंगलची चादर नीट करत बसले.

बाहेर बाकावर पुष्पा म्हणाली, "शालू, तू बोललीस म्हणून."

"माहितीये मला."

"मैं भी तो हँसी थी," ती म्हणाली, आणि पदर तोंडात धरावा तशी तीच ओढणी तोंडात धरून रडली.

मांजर्ली

आता ऑगस्ट संपत आलाय. मंगल घरी आहे. पाय सुजतात, दर महिन्याला रक्त तपासायचं, मीठ तोडलंय. उंचावर जायचं नाही, कधीच नाही, असं इथल्या डॉक्टरांनीही सांगितलं. म्हणजे तळं संपलं.

भजनाच्या बाया विचारतात, कसं होतं हो चंद्रताल? मी तोंड उघडायच्या आत मंगलच सांगते, "ढग होते. एवढ्या लांब जाऊन कुण्णालाच दिसलं नाही. माझ्या नशिबात नव्हतं तर ह्या दोघींच्याही नव्हतं." बाया चुकचुकतात. मी टाळ उचलते. पुष्पा उल्हासनगरात असते, ती ह्यातून सुटली आहे. असं पाच-सहा वेळा झालं. आणि दर वेळी मंगल बोलताना माझ्याकडे बघते.

हे प्रवासवर्णन लिहायला तिनेच सांगितलं होतं. "लिही, आणि आधी मला वाचून दाखव." तेव्हा मी दोन लिहिली. एक ढगांचं, एक हे. काल पिशवीत दोन्ही घेऊन गेले. तिच्या घरी फ्रिज अजून विटांवरच होता, यंदा नदी आत आली नाही तरी. तिने पाय स्टुलावर ठेवले, चष्मा लावला, जसं काही तीच वाचणार आहे. मी हे काढलं.

वाचत गेले. गाळ्याचं वाचलं, सुकटीचं वाचलं, तिला हसू आलं. गाडीतलं माझं वाक्य आलं तेव्हा मी भरभर वाचलं. "हळू," ती म्हणाली. मी परत वाचलं. मग तळं वाचलं, सगळं, पैठणीच्या धाग्यापर्यंत. मान वर करायची हिंमत नव्हती.

"माहीत होतं मला," मंगल म्हणाली.

"काय?"

"गाडीत माझं डोकं तुझ्या मांडीवर होतं. तुझ्या सलवारीला वाळू होती, आणि खालचा काठ ओला. ढगात बसून वाळू लागते होय?"

"मग सगळ्यांना का सांगत होतीस, ढग होते म्हणून?"

"बघत होते, तू कधी बोलतेस ते."

बाहेर कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. मी म्हटलं, "मंगे, ते गाडीतलं वाक्य काढून टाकू का? लोक वाचतील."

"अजिबात नाही. ते राहू दे, आहे तसं. वाचू दे बायांना." मग म्हणाली, "तळ्याचं परत वाच."

मी परत वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावरही वाट बघत राहिली.

"एवढंच?"

"एवढंच. वीस मिनिटं होते मी तिथे. नोर्बूने घाई केली, आणि माझंही लक्ष तुझ्याकडे होतं."

मंगलने चष्मा काढला, पदराने पुसला.

"गेलीच होतीस," ती म्हणाली, "तर नीट बघून तरी यायचं होतंस."